कालवड पुन्हा पुन्हा उलटते? आधी तारखा बघा

कालवड भरवली (कृत्रिम रेतन केले), तीन आठवड्यांनी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. पुन्हा भरवली, पुन्हा उलटली. तिसऱ्यांदा उलटली की गोठ्यात दोनच गोष्टी ऐकू येतात: "कांडीत (गोठवलेल्या रेताच्या नळीत) दम नाही" किंवा "कालवडच वांझ आहे". बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरच्या घरगुती गोठ्यांपासून कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांपर्यंत नेहमी सापडणारी कारणे साधी आहेत. वजन भरायच्या आत घाई होते, माजाची वेळ चुकते, किंवा कांडी वितळवताना हयगय होते.

आधी एक हिशेब ध्यानात घ्या. व्यवस्थापन उत्तम असेल तर १० निरोगी कालवडींपैकी साधारण ५ ते ६ पहिल्या रेतनाला गाभण राहतात. निम्म्या राहतात असे धरले, तरी ८ कालवडींतली एक निव्वळ योगायोगाने सलग तीनदा उलटेल, आणि तिच्यात काहीच दोष नसेल. म्हणून एकच कालवड उलटत असेल तर घाबरून इंजेक्शनांचा मारा करू नका. गोठ्यातल्या चारपैकी तीन पुन्हा पुन्हा उलटत असतील तर दोष बहुधा जनावरात नाही, पद्धतीत आहे. तो शोधायचा मार्ग पुढे दिला आहे.

उलटण्याची तारीख काय सांगते

रेतनाची तारीख आणि वेळ, उलटल्याची तारीख आणि वेळ, एवढी नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर असली की अर्धे निदान तिथेच होते. वही नसेल तर आजपासून सुरू करा. तारखा नसतील तर पुढचा डॉक्टरही अंदाजच बांधणार.

१८ ते २४ दिवसांनी उलटली: चक्र नियमित आहे, अंडाशय चालू आहेत. बीजांड फळलेच नाही, किंवा फळून पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ गेला. वेळ, कांडीची हाताळणी, रेतनाची जागा आणि उष्णता तपासा. सर्वांत जास्त कालवडी याच गटात असतात.

१७ दिवसांच्या आत उलटली: दोनपैकी एक माज खोटा होता. बहुधा दुसऱ्या जनावरावर चढणारी कालवडच माजावर आहे असे समजून तिला भरवलेले असते. जी दुसरीला आपल्यावर चढू देते आणि हलत नाही, तीच खरी माजावर असते. असे वारंवार होत असेल तर अंडाशयावर पाणीगाठ आहे का, ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

२५ ते ३५ दिवसांनी उलटली: गर्भ बहुधा राहिला होता आणि नंतर गेला. गर्भ पोटात असल्याचा निरोप आईच्या शरीराला १६-१७व्या दिवसाच्या सुमारास मिळतो. त्यानंतर गर्भ मेला तर माज लांबतो. अशा वेळी उष्णता, ताप, बुरशी लागलेला चारा आणि गर्भाशयाचा दाह यांचा विचार करा.

३६ ते ४८ दिवसांनी उलटली: मधला एक माज तुमच्या नजरेतून सुटला. इथे औषध नको, पाहणी वाढवा.

उलटलीच नाही, पण तीन महिन्यांनी तपासली तर रिकामी: सर्वांत महागडा प्रकार हाच, कारण पूर्ण हंगाम फुकट जातो. "उलटली नाही म्हणजे गाभण" असे गृहीत धरणे हे याचे कारण.

कालवड तयार आहे का

वयापेक्षा वजन बघा. प्रौढ गाईच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के वजन झाल्याशिवाय रेतन करू नये. संकरित होल्स्टीनला २५० ते २७५ किलो आणि संकरित जर्सीला २२० ते २३० किलो हा व्यवहारातला आकडा आहे. चांगल्या खुराकावर तो १५ ते १८ महिन्यांत गाठता येतो. डांगी किंवा इतर गावठी कालवडींना बराच जास्त काळ लागतो. त्यांना संकरितांच्या वयाचे माप लावू नका.

काटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोतले वजन. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल तर वजन सुमारे २७३ किलो. टेप सैल धरू नका, घट्टही आवळू नका. जनावर चारी पायांवर सरळ उभे असावे. घेरात दोन इंच चूक झाली तर वजनात १८ किलोंचा फरक पडतो.

हलकी कालवड गाभण राहिली तरी पुढे विताना अडते. लहान अंगाच्या गावठी किंवा डांगी कालवडीला मोठ्या अंगाच्या होल्स्टीन वळूची कांडी देऊ नका. पहिल्या वेतासाठी जर्सीची किंवा त्याच जातीच्या वळूची मात्रा मागा. उलट, फार लठ्ठ कालवडही नीट फळत नाही. शेवटच्या दोन बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना ठळक दिसू नयेत.

एक तपासणी सगळ्यात आधी उरकून टाका. कालवड गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली आहे का? अशा दहापैकी नऊपेक्षा जास्त कालवडी जन्मतःच वांझ असतात. त्यांचा योनिमार्ग आखूड असतो आणि गर्भाशय वाढलेले नसते. बाजारातून आणलेल्या कालवडीचा जन्म माहीत नसतो. ती वजन भरूनही कधीच माजावर आली नसेल तर कांड्यांवर खर्च करण्याआधी डॉक्टरांकडून आतली तपासणी करून घ्या.

वेळ: इथेच सगळ्यात जास्त जाते

माज साधारण १२ ते १८ तास टिकतो, कालवडीत अनेकदा त्याहून कमी. बीजांड माज संपल्यावर १० ते १४ तासांनी सुटते, म्हणजे माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३२ तासांनी. सुटलेले बीजांड जेमतेम ६ ते १२ तास तग धरते. शुक्राणू गर्भाशयात साधारण एक दिवस जगतात, पण फळवण्याच्या लायक व्हायला त्यांना आधी सुमारे ६ तास लागतात. म्हणून रेत बीजांडाच्या आधी पोहोचून वाट बघत असायला हवे, पण फार आधीही नको.

नेहमीचा नियम असा: सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. नियम चांगला आहे, पण माज सुरू होताना तुम्ही पाहिला असेल तरच. रात्री साडेनऊला गोठा बंद केला, सकाळी सात वाजता कालवड माजावर दिसली, तर माज रात्री दहाला सुरू झाला की पहाटे सहाला, हे कुणालाच माहीत नाही. अशा वेळी संध्याकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी दुपारपर्यंत रेतन उरका. ठाण्याच्या बाजूला हे वारंवार घडते, कारण घरातला माणूस पहिल्या लोकलने किंवा एमआयडीसीच्या पाळीला गेलेला असतो आणि गोठ्याकडे नीट नजर उन्हे वर आल्यावरच जाते. त्यात रेतन करणारा तंत्रज्ञ शिळफाट्याच्या किंवा भिवंडी बायपासच्या कोंडीत अडकला की आणखी तीन तास जातात. माज दिसल्या क्षणी फोन करा आणि "कधी दिसला" याच्याबरोबर "त्याआधी शेवटचे कधी पाहिले होते" हेही सांगा. दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

पाहणी दिवसातून तीनदा हवी: पहाटे साडेपाचच्या सुमारास, दुपारी आणि रात्री नऊ-साडेनऊला, दरवेळी किमान २० मिनिटे. त्या वेळी चारा टाकायचा नाही, धार काढायची नाही, फक्त बघायचे. कालवडी कायम दावणीला बांधलेल्या असतील तर चढणे-चढू देणे दिसणारच कसे? सकाळ-संध्याकाळ अर्धा तास कोरड्या, न घसरणाऱ्या जागेत मोकळ्या सोडा. शेवाळलेल्या ओल्या कोब्यावर माजावरची कालवडही चढत नाही, पडायची भीती तिलाही असते. पावसाळ्यात "माजच दिसत नाही" या तक्रारीचे हे एक मोठे कारण आहे.

निरणातून (योनीच्या बाहेरच्या तोंडातून) काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा बळस (चिकट स्राव), शेपटीच्या मुळाशी चिकटलेली घाण, विस्कटलेले केस, वारंवार थोडी थोडी लघवी, हंबरणे, चारा सोडणे ही साथीची लक्षणे आहेत. यातले एकटे कुठलेच पुरेसे नाही. बळस ढगाळ, पिवळसर किंवा पूसारखा असेल तर त्या माजाला रेतन करू नका. आधी उपचार, मग रेतन.

माजानंतर एक ते तीन दिवसांनी कालवडीच्या निरणातून थोडे रक्त येते, ते बघून अनेकजण घाबरतात. "रक्त आले म्हणजे राहिली नाही" असे म्हणतात, तसे अजिबात नाही. राहिली याचाही तो पुरावा नाही. माज होऊन गेला, एवढेच ते सांगते. पण ही खूण फार उपयोगी आहे. माज सुटला आणि फक्त रक्त दिसले, तर त्या दिवशी भरवण्यात अर्थ नाही. तारीख लिहा आणि १६व्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बघा.

रेतनानंतर २४ तासांनीही कालवड चढू देत असेल तर बीजांड उशिरा सुटते आहे. त्याच माजात दुसरी मात्रा द्यावी. दर माजाला सरसकट दोन कांड्या देण्याची मात्र गरज नाही.

कांडी: तुम्ही उभे राहून काय बघायचे

कांडी ०.२५ मिलिलीटरची असते. ती द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. बिघाड बहुधा पुढच्या चार ठिकाणी होतो.

पहिले, कंटेनर. आत नायट्रोजनची पातळी कमी झाली की वरच्या कांड्या अर्धवट गरम होऊन पुन्हा गोठतात. शुक्राणू मरतात, कांडी दिसायला तशीच राहते. पातळी पट्टीने मोजायची असते. मोटारसायकलवर आडवातिडवा हिंदकळणारा, झाकण सैल असलेला कंटेनर चार दिवसांत रिकामा होऊ शकतो.

दुसरे, काढण्याची पद्धत. कॅनिस्टर (कांड्या ठेवलेला आतला डबा) कंटेनरच्या मानेच्या वर येता कामा नये आणि कांडी चिमट्याने ५ ते ८ सेकंदांत उचलली पाहिजे. हवी ती कांडी शोधत कॅनिस्टर बाहेर धरून बसणे म्हणजे आतल्या सगळ्याच कांड्यांचे नुकसान.

तिसरे, वितळवणे. पाणी ३७ अंश, वेळ ३० सेकंद, कांडी पूर्ण बुडालेली. थर्मामीटर हवाच. बोटाने "कोमट वाटते" हा अंदाज चार-पाच अंशांनी चुकतो. मुठीत धरून, खिशात ठेवून किंवा नळाच्या पाण्यात वितळवलेल्या कांडीचा निकाल कमी लागतो. तंत्रज्ञ आला की थर्मासमध्ये गरम पाणी आणि एक साधा थर्मामीटर तुम्हीच तयार ठेवा. याने कुणाचा अपमान होत नाही, चांगल्या तंत्रज्ञाला तर बरेच वाटते.

चौथे, पाणी. वितळलेली कांडी स्वच्छ टिश्यूने पूर्ण कोरडी करूनच कापायची. पाण्याचा थेंब रेतात गेला की शुक्राणू फुगून मरतात. जुलैत पागोळ्याखाली उभे राहून गन (कांडी बसवून रेत आत सोडायची लांब नळी) भरली तर हेच होते. गोठ्यात कोरडा, झाकलेला कोपरा द्या, ऊन थेट पडणार नाही असा. थंडीत सकाळी गन हाताने चोळून किंचित कोमट करावी. वितळल्यापासून १० ते १५ मिनिटांत रेतन झालेच पाहिजे. म्हणून कालवड आधी धरा, बांधा, निरण धुऊन कोरडे पुसा, आणि त्यानंतर कांडी काढू द्या. उलट क्रमाने केले तर पळणाऱ्या कालवडीमागे कांडी मरते.

रेतनाची जागा

कालवडीचे गर्भाशयमुख बोटाएवढे बारीक असते आणि आतल्या कड्या घट्ट असतात. गन आधी ३० ते ४५ अंश वर धरून आत न्यायची. सरळ किंवा खाली धरली तर ती मूत्रमार्गाच्या तोंडात शिरते. मग आडवी करून, गुदमार्गातल्या हाताने गर्भाशयमुख धरून तेच गनवर ओढायचे. गन रेटायची नाही. शेवटची कडी ओलांडली की गनचे टोक बोटाला जाणवते. तिथेच, गर्भाशयाच्या सुरुवातीला, ५ सेकंद घेत हळूहळू रेत सोडायचे.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे गन मुखाच्या मध्येच अडली असताना रेत सोडणे. त्याच्या उलट चूक, खोल नेऊन गर्भाशयाच्या एका शिंगात (फाट्यात) टोचणे. दुसरीत आतली नाजूक त्वचा खरवडते. गनवर ताजे रक्त दिसले तर ते नोंदवा. सारखे दिसत असेल तर तंत्रज्ञ बदलायला हवा. सावकाश प्रयत्न करूनही गन जात नसेल आणि कालवड नक्की माजावर असेल, तर मुखात जेवढे जाईल तिथे सोडणे हे फाडण्यापेक्षा बरे. गन अजिबात जात नाही आणि चिकट घट्ट बळस लागतो आहे, तर थांबा. कालवड आधीच गाभण असू शकते. काही गाभण जनावरे माजाची लक्षणे दाखवतात, आणि गन आत घातली तर गर्भ जातो.

लिंगनिश्चित रेताच्या (बहुतेक कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेल्या रेताच्या) कांडीत सुमारे २० लाख शुक्राणू असतात, साध्या कांडीत साधारण २ कोटी. म्हणून त्या कांडीला चूक परवडत नाही. ती फक्त वजन भरलेल्या, स्पष्ट माज दाखवणाऱ्या, निरोगी कालवडीलाच, पहिल्या किंवा दुसऱ्या रेतनाला, माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तासांत द्यावी. तीनदा उलटलेल्या कालवडीवर ती वापरणे म्हणजे पैसे पाण्यात.

पेंढा, खुराक आणि क्षार

आपल्याकडे मुख्य चारा भाताचा पेंढा. त्यात प्रथिने ३-४ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) अगदी कमी, आणि ऑक्झलेट या घटकामुळे कॅल्शियमही नीट मिळत नाही. नुसत्या पेंढ्यावर वाढलेली कालवड दिसायला पोटभर दिसते, पण माजावर येत नाही किंवा मुका माज (बाहेरून लक्षणे न दिसणारा) दाखवते. २५० किलोच्या कालवडीला रोज १२ किलो हिरवा चारा, अडीच-तीन किलो पेंढा, २ किलो खुराक, ३० ते ४० ग्रॅम क्षार मिश्रण आणि २० ग्रॅम मीठ हे साधारण माप आहे. क्षार मिश्रण खुराकात मिसळून रोज द्यायचे. रेतनाच्या आठवड्यापुरते देऊन उपयोग नाही, किमान दोन महिने आधीपासून हवे. भातगिरणीतला बारीक कोंडा स्फुरदाचा चांगला आणि स्वस्त स्रोत आहे, पण त्यातले तेल लवकर खवट होते. आठवड्याला लागेल तेवढाच आणा.

शहराजवळच्या तबेल्यांत बिअरचा चोथा आणि सरकी पेंड ढिगाने घालतात. प्रथिने गरजेपेक्षा फार झाली की रक्तातला युरिया वाढतो आणि गर्भाशयातले वातावरण गर्भाला मानवत नाही. आंबूस, बुरशी आलेला चोथा तर पूर्ण टाळा.

भातखाचरांच्या कडेला, साचलेल्या पाण्यावर चरणाऱ्या कालवडींना यकृतातले पर्णकृमी (पानासारखे चपटे कृमी) हमखास होतात. शेण तपासून त्या कृमीवर चालणारेच औषध घ्या. गोल कृमींचे औषध पर्णकृमींना लागू पडत नाही. हे काम रेतनाच्या दोन महिने आधी उरका. लाळ्या-खुरकूतची लसही रेतनाच्या आसपासच्या दिवसांत नको, नंतर ताप येतो. ब्रुसेलाची (गर्भपात घडवणाऱ्या रोगाची) लस वासरू ४ ते ८ महिन्यांचे असतानाच, एकदाच देतात. मोठ्या कालवडीला ती आता देऊ नका.

दमट उष्णता

३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना उष्णता-आर्द्रता निर्देशांक ८६ येतो. संकरित जनावराला ७२ च्या पुढे त्रास सुरू होतो. पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेलाही तो ८०च्या आसपास असतो. उष्णतेत माज आखूड होतो, रात्रीवर जातो, आणि फळलेला गर्भ पहिल्या आठवड्यात सगळ्यात नाजूक असतो. म्हणून रेतनानंतरचे ७ ते १० दिवस कालवडीला पंख्याखाली, सावलीत ठेवा, पाणी दिवसभर समोर असू द्या. फॉगर (बारीक धुके फवारणारे यंत्र) आपल्या किनारी हवेत कुचकामी, ते आर्द्रताच वाढवतात. पाइपने पाठ मिनिटभर चांगली भिजवा, मग १०-१५ मिनिटे पंखा, आणि हे दुपारी तीन-चार वेळा. शक्य असेल तर संकरित कालवडींची पहिली रेतने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. त्या ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान वितात.

तबेल्यातल्या म्हशीच्या वगारींसाठी सगळे हेच, फक्त माज आणखी मुका असतो. त्या एकमेकींवर फारशा चढत नाहीत, बळस लोंबत नाही आणि बसल्यावर जमिनीवर पडलेला दिसतो, माज बहुधा रात्री असतो. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा खरा हंगाम. मुऱ्हा वगार ३२५ किलोच्या आत भरवू नका.

डॉक्टरांकडे कधी

वेळ, कांडी, वजन, खुराक नीट करूनही तिसऱ्यांदा १८ ते २४ दिवसांनी उलटली, तर चौथी कांडी घालण्याआधी तपासणी. माजाच्या दिवशीच बोलवा. बळस, गर्भाशय आणि अंडाशय तेव्हाच नीट समजतात. डॉक्टरांसमोर तारखांची वही ठेवा. माज एकत्र आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाची इंजेक्शने ११ दिवसांच्या अंतराने देतात, पण कालवड गाभण असेल तर गर्भपात होतो. म्हणून आधी गर्भतपासणी, मग सुई, आणि तीही डॉक्टरांच्याच हातून. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ हा टोल फ्री क्रमांक ही पहिली पायरी. अवघड केस परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे नेता येते.

रेतनानंतर १८ ते २४व्या दिवशी कॅलेंडरवर लाल खूण करा आणि रोज तीनदा बघा. ३८ ते ४६व्या दिवशी पुन्हा तेच. ६० ते ९० दिवसांत हाताने गर्भतपासणी करून घ्या, अल्ट्रासाउंड मिळत असेल तर ३० दिवसांनंतर. रिकामी निघाली तर त्याच दिवशी वहीत लिहा: शेवटचा माज कधी दिसला, पाहणी किती वेळा झाली, त्या आठवड्यात खुराक काय होता.